कापसाच्या नावाचे स्टेशन

खानदेशातला माणूस मुंबईच्या हार्बर लोकलमध्ये पहिल्यांदा बसला, की एका ठिकाणी त्याचे कान टवकारतात. डॉकयार्ड रोड जाते, रे रोड जाते, आणि डब्यातला आवाज सांगतो, "पुढील स्टेशन, कॉटन ग्रीन." बाकीचे उतारू डुलक्या घेत असतात, त्यांना ह्या नावाचे काही वाटत नाही. आमच्यासारख्याला मात्र अनोळखी शहरात कोणीतरी घरच्या नावाने हाक मारावी तसे होते. मी लगबगीने खिडकीपाशी गेलो. बाहेर ना कापूस, ना हिरवळ. पत्र्यांची छपरे, उभ्या मालमोटारी, काळवंडलेल्या लांबच लांब भिंती, आणि मधूनच एखादे पिंपळाचे झाड.

हे नाव मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. आमच्याकडे दिवाळीच्या तोंडाशी कापसाची पहिली वेचणी होते. त्यातला ओंजळभर कापूस देवापुढे ठेवायचा, मग आजीने सरकी काढून त्याच्या वाती वळायच्या, आणि धनत्रयोदशीचा पहिला दिवा त्या वातीवर लावायचा, असा घरचा रिवाज होता. "एवढा आपला," आजोबा म्हणत, "बाकीचा काटनगिरीनला." काटनगिरीन हे एखाद्या बड्या सावकाराचे नाव असावे, अशी माझी कित्येक वर्षे समजूत होती. आजोबा तरुणपणी एकदा अडत्याबरोबर मुंबईला जाऊन आपला कापूस कुठे जातो ते पाहून आले होते. परत आल्यावर त्यांनी जी हकिगत सांगितली तिच्यातले एकच वाक्य घरात टिकून राहिले : "तिथे आपल्या कापसाला आपलं नाव नाही." त्याचा अर्थ मला फार उशिरा कळला. तो पुढे सांगतो.

प्रथम ह्या चमत्कारिक नावाचा उलगडा करायला हवा. मुंबईचा कोट शाबूत होता त्या काळी सेंट थॉमस चर्चच्या समोर एक मोकळे मैदान होते. इंग्रज त्याला 'ग्रीन' म्हणजे हिरवळ म्हणत. गुजरात, वऱ्हाड, खानदेश येथून आलेल्या कापसाच्या गाठी ह्या मैदानात रचल्या जात. हिरवळ कसली, उन्हाळ्यात धुळीचा आणि पावसाळ्यात चिखलाचा तो उकिरडाच असे. पण बाजाराला नाव चिकटले ते चिकटले. १८४४ साली हा बाजार कुलाब्याला हलवला, आणि नाव गाठींबरोबर तिकडे गेले. कोटातल्या त्या जागेवर पुढे एल्फिन्स्टन सर्कल उभे राहिले. आज त्याला हॉर्निमन सर्कल म्हणतात. कुलाब्याला कापूस पाऊणशे वर्षांहून अधिक काळ राहिला. मग १९२०-२५च्या सुमारास तो उठून शिवडीच्या अलीकडे, माझगाव-शिवडीच्या भरावावर आला, आणि तेच नाव तिसऱ्यांदा नव्या जागी रुजले. म्हणजे कॉटन ग्रीन हे मुळात गावाचे नाव नव्हेच. ते फिरस्त्या बाजाराचे नाव आहे. तमाशाच्या फडाने तंबू हलवावा तसा हा बाजार आपले नाव घेऊन मुंबईभर हिंडला.

आता खानदेशाकडे येऊ, कारण खरी गोष्ट तिकडे सुरू होते.

आगगाडी येण्यापूर्वी तापीकाठचा कापूस लमाणांच्या बैलांवरून आणि गाड्यांतून आग्रा रस्त्याने धुळे, मालेगाव करीत थळघाट उतरे आणि समुद्राला लागे. वाटेत तो भिजे, मळे, कमी भरे. आणि गाठीत माती, सरकी मिसळण्याची कला दलालांनी इतकी वाढवली होती, की १८६३ साली मुंबई सरकारला कापसातल्या लबाडीविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. त्याच सुमारास, म्हणजे १८६१ ते १८६३ ह्या वर्षांत, जी. आय. पी. रेल्वेचे रूळ नांदगाव, चाळीसगाव, जळगाव करीत भुसावळपर्यंत आले. आणि नेमक्या त्याच वर्षांत अमेरिकेत यादवी युद्ध पेटले.

अमेरिकेची बंदरे अडली, लँकेशायरच्या गिरण्या कापसावाचून बंद पडू लागल्या, आणि लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांना हिंदुस्थानची आठवण झाली. आमच्या आखूड धाग्याच्या कापसाला एरवी नाके मुरडणारे लोक तोच कापूस वाटेल त्या भावाने उचलू लागले. शेतकऱ्यांनी बैलगाडीच्या चाकांना लोखंडाऐवजी चांदीच्या धावा बसवल्या, अशी गोष्ट सांगतात. ती कोणी डोळ्यांनी पाहिली की नाही कोण जाणे. पण ज्या काळाविषयी अशा गोष्टी जन्मतात तो काळ साधा नसतो. मुंबईत तर पैशाचा पाऊस पडला. समुद्र बुजवण्याच्या कंपन्या निघाल्या, त्यांचे शेअर्स आकाशाला भिडले. प्रेमचंद रायचंद ह्यांनी मातेच्या स्मरणार्थ राजाबाई टॉवरसाठी देणगी दिली ती ह्याच तेजीत.

ह्या सगळ्या धामधुमीत एक मौज झाली. रूळ खानदेशात होते, रूळ कसाऱ्यापर्यंतही होते. मधला घाट मात्र फुटायचा होता. तेजीची वर्षेच्या वर्षे आमच्या गाठी इगतपुरीला गाडीतून उतरून, बैलगाड्यांवर घाट उतरून, कसाऱ्याला पुन्हा आगगाडीत चढत होत्या. तो घाटरस्ता अखेर १ जानेवारी १८६५ला खुला झाला. एप्रिलमध्ये अमेरिकेतले युद्ध संपले. कापसाचे भाव कोसळले, आणि १ जुलै १८६५ ह्या दिवशी, वायद्यांच्या फेडीचा मुहूर्त होता त्या दिवशी, मुंबईची निम्मीअधिक श्रीमंती धुळीला मिळाली. म्हणजे खानदेश मुंबईला सलग जोडला गेला तो तेजी संपायला जेमतेम चार महिने उरले असताना! आमच्या नशिबाची ही चाल पुढेही बदललेली दिसत नाही.

पण रूळ उखडले गेले नाहीत. ते राहिले, आणि त्यांच्यामागोमाग जिन आणि प्रेस आले. जळगाव हे त्या अगोदर फारसे नाव नसलेले गाव कापसाची पेठ बनले. १९०० साली चाळीसगावहून धुळ्याला फाटा गेला. त्याच सुमारास सुरतेकडून तापीकाठाने येणारी लाइन अमळनेरला आणि पुढे जळगावला मिळाली. आणि १९१८-१९च्या सुमारास पाचोऱ्याहून जामनेरला अडीच फुटी रुळांची ती लहानशी गाडी निघाली, जिला सारा तालुका 'पीजे' म्हणून ओळखत असे. तिचे कागदोपत्री नावच मुळी पाचोरा-जामनेर लाइट रेल्वे. छप्पन्न किलोमीटरांची वाट : वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर, भागदरा आणि जामनेर. रस्त्यावरच्या सायकलवाल्याने तिला मागे टाकावे आणि पुढच्या फाटकावर थांबून तिची वाट पाहावी, असा तिचा वेग. तरी कापसाच्या हंगामात तिचा तोरा मेलगाडीसारखा असे. काळ्या मातीतला कापूस जिनमध्ये जाई, तिथून प्रेसमध्ये, तिथून ३९२ पौंडांची घट्ट गाठ बांधून मोठ्या लाइनीवर, आणि तिथून थेट मुंबईच्या वाडीबंदरला.

वाडीबंदरला पोचल्यावर मात्र गाठीचे हाल सुरू होत. जी. आय. पी.चा माल उतरायचा वाडीबंदरला, बाजार कुलाब्याला, गिरण्या परळ-लालबागला आणि गोद्या पुन्हा वाडीबंदराजवळ! बैलगाड्यांची रांग सगळे शहर ओलांडून दक्षिणेला जाई आणि सौदा झाला की तीच गाठ आल्या वाटेने उत्तरेला परते. शिवाय कुलाब्याच्या दाटीत आगीचे भय. शहाण्या माणसाने नकाशा उघडला असता तर कापसाचा बाजार गोदी आणि गिरण्या ह्यांच्या मध्ये हवा हे दहा मिनिटांत कळले असते. मुंबईला ते उमजायला अर्धे शतक लागले.

दोष सर्वस्वी माणसांचाही नव्हता. मध्ये जमीनच नव्हती. मुंबईचा पूर्वकिनारा म्हणजे भरतीला पाणी आणि ओहोटीला चिखल. १८५८ साली एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनीने तिथे भराव घालायला सुरुवात केली (ह्या नावातली 'प्रेस' म्हणजे छापखाना नव्हे, कापसाचे दाबयंत्र). १८७०मध्ये सरकारने ती कंपनी विकत घेतली, १८७३मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला, १८८०मध्ये प्रिन्सेस डॉक आणि १८८८मध्ये व्हिक्टोरिया डॉक उघडले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी माझगाव ते शिवडी हा पाचशे एकरांहून मोठा पट्टा समुद्रातून काढण्यात आला. ह्या नव्या जमिनीला लागून १९१०च्या डिसेंबरात कुर्ल्याहून रे रोडपर्यंत गाडी धावू लागली. तीच आपली हार्बर लाइन. १ जानेवारी १९१५ला पोर्ट ट्रस्टची स्वतःची मालगाडी सुरू झाली. मग कापसासाठी काँक्रीटची गोदामे ओळीने उभी राहिली, मध्ये आग पसरू नये म्हणून रुंद रस्ते सोडले गेले, आणि १९२५च्या सुमारास तिथेच कॉटन एक्स्चेंजची ती भव्य इमारत झाली. सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास ह्यांनी पुढाकार घेऊन स्थापलेली ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशन तिथून बाजार चालवू लागली.

त्याच १९२५ सालच्या ३ फेब्रुवारीला व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याला विजेची गाडी सुटली. हिंदुस्थानातली ती पहिली विद्युत आगगाडी, आणि तिचा मार्ग कोणता, तर हाच गोद्यांचा! सँडहर्स्ट रोडपासून ती उंच कमानींवरून, वखारींच्या छपरांवरून डॉकयार्ड रोडकडे जाते. तिकडे लिव्हरपूललाही गोदीच्या कडेने खांबांवरून धावणारी विजेची गाडी १८९३पासून होती. पावसात तिच्याखालून आडोशाने चालता येई म्हणून गोदीकामगार तिला आपली छत्री म्हणत. जामनेरच्या कापसाचा प्रवास असा लहान गाडीत सुरू होऊन गोदीच्या गाडीपाशी संपत असे. लिव्हरपूलची ती गाडी १९५६च्या अखेरीस बंद झाली. आमची अजून चालू आहे, आणि गर्दी इतकी, की तिला कोणी बंद करू म्हणेल तर दंगाच व्हायचा.

आता आजोबांचे ते वाक्य. कॉटन ग्रीनवर वायद्याचे सौदे होत ते ठरावीक नावांखाली. भडोच, बेंगॉल, सदर्न आणि 'ऊमरा'. हा ऊमरा म्हणजे उमरावती, अर्थात अमरावती. वऱ्हाड आणि मध्यप्रांत ह्यांच्याबरोबर खानदेशचा कापूसही ह्या ऊमऱ्याच्या पोटात घातला जाई. जामनेरला पेरलेला, पहूरला वेचलेला, पाचोऱ्याला दाबलेला कापूस मुंबईत पोचला की तो अमरावतीकर होई! वऱ्हाडी मंडळींशी आमचे भांडण नाही, सोयरिकी आहेत. पण भाव ज्या नावाने फुटायचा त्या नावात आम्ही नव्हतो, ही सल आजोबांच्या पिढीला होती. त्या बाजारात रोज लाखोंचे सौदे करणाऱ्यांपैकी कितीजणांनी कापसाचे बोंड झाडावर पाहिले असेल कोण जाणे. न्यूयॉर्कच्या कापसाचे उघडते आणि बंद होते भाव तारेने यायचे. त्या आकड्यांवर पैज लावायची सवय मुंबईकरांना लागली आणि तिच्यातूनच मटक्याचा जन्म झाला. खानदेशच्या शेतकऱ्याला ह्या आकड्याचा उपद्रव पुढे गावोगावी झाला, तोही त्याच्याच पिकाच्या नावाने सुरू झालेला.

कापसाने मुंबईला श्रीमंती दिली तसे एक भयंकर दुपारही दिली. १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' नावाचे जहाज लागले होते. त्याच्या पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटके, त्याच पोटात सोन्याच्या विटा, आणि वर कराचीला भरलेल्या कापसाच्या हजारो गाठी. कापूस आणि दारूगोळा एका जहाजात भरण्याचा उद्योग युद्धाच्या घाईत कोणीतरी केला. दुपारी कापसाच्या गाठींतून धूर दिसू लागला. दाबलेल्या गाठीला लागलेली आग विझवणे किती कठीण, हे कोणत्याही जिनवाल्याला विचारा. वरून पाणी मारावे तर ती आत धुमसत राहते. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. जहाजे उडाली, वखारी पेटल्या, जळत्या कापसाचे गोळे वस्त्यांवर पडले. गिरगावाच्या बाजूला एका घराच्या छपरातून सोन्याची वीट आत आली. अग्निशामक दलाचे ६६ जवान त्या दिवशी मेले. एकूण मृतांची संख्या काही आठशे सांगतात, काही तेराशे. गोदी साफ करायला सात महिने लागले. दरवर्षी १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळतात तो ह्या जवानांच्या स्मरणार्थ.

त्यानंतरची हकिगत थोडक्यात सांगण्यासारखी आहे, कारण ऱ्हासाला फारसा तपशील नसतो. फाळणीने सिंध-पंजाबचा कापूस तोडला. साठीच्या दशकात वायदेबाजारावर बंदी आली. १९७२ साली महाराष्ट्र सरकारने एकाधिकार खरेदी सुरू केली आणि शेतकऱ्याचा कापूस सरकारी केंद्रावर जाऊ लागला. १९८२च्या संपात गिरण्या बसल्या त्या पुन्हा धड उठल्या नाहीत, आणि १९८९मध्ये पलीकडच्या तीरावर न्हावा-शेवाचे नवे बंदर उघडले. गाठ आता कंटेनरमध्ये बसून शिवडीकडे ढुंकूनही न पाहता जाते. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया ह्या दोन गोद्या भर घालून बुजवण्यात आल्या; समुद्राची जमीन, जमिनीची गोदी आणि गोदीची पुन्हा जमीन. इकडे आमची पीजे २०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदीत थांबली ती पुन्हा निघाली नाही. तिच्या जागी ब्रॉड-गेज येत आहे. येवो, पण शेंदुर्णीच्या स्टेशनावर शाळेच्या पोरांनी चालत्या गाडीतून उतरून बोरे वेचावीत आणि पुन्हा चढावे, ही सोय ब्रॉड-गेजमध्ये असेलसे वाटत नाही.

ह्या पूर्वकिनाऱ्याचे आता नव्याने काहीतरी करायचे घाटते आहे. आराखडे निघतात, चर्चा होतात. भाऊच्या धक्क्यावरून मार्च २०२०पासून मांडव्याला मोटारी नेणारी बोट जाते. जानेवारी २०२४मध्ये शिवडीहून अटल सेतू सुरू झाला, जवळपास बावीस किलोमीटर लांबीचा. शिवडीच्या चिखलात हिवाळ्यापासून रोहित पक्षी उतरतात आणि ते पाहायला कॅमेरेवाले. जुन्या गोद्यांचे पुढे काय करावे हा प्रश्न लंडनलाही पडला होता. तिथे गोद्या बंद पडल्यावर मोठमोठ्या पेढ्यांच्या इमारती उभारल्या आणि तिथल्या लोकांसाठी १९८७मध्ये डॉकलँड्स लाइट रेल्वे नावाची हलकी, चालकाच्या खोलीवाचून धावणारी गाडी काढली. तिच्या एका स्टेशनाचे नाव आहे 'ईस्ट इंडिया'. ज्या गोदीवरून ते नाव आले ती १९६७मध्येच बंद झाली, आणि ज्या कंपनीवरून गोदीला नाव मिळाले ती त्याआधी शंभर वर्षे बुडालेली. तरी स्टेशन उघडताना, १९९४ साली, नाव तेच दिले. आमच्या मिरची-मिऱ्यांवर गबर झालेल्या कंपनीचे नाव इंग्रजांनी ठेवले ह्यात त्यांचा स्वार्थ आहेच. पण नावाचे मोल त्यांना कळते, एवढे कबूल करायला हवे.

आपल्याकडे २०२४ साली राज्याच्या विधिमंडळाने मुंबईतल्या काही स्टेशनांची इंग्रजी नावे बदलण्याचा ठराव केला आणि तो केंद्राकडे पाठवला. त्यात करी रोडचे लालबाग, सँडहर्स्ट रोडचे डोंगरी, डॉकयार्ड रोडचे माझगाव, आणि कॉटन ग्रीनचे काळाचौकी. सँडहर्स्टसाहेबांबद्दल मला काडीचे प्रेम नाही. काळाचौकी हे गिरणीकामगारांच्या वस्तीचे, घामाचे नाव आहे. आमचाच कापूस त्या माणसांनी कातला, आणि संपात त्यांनीच उपास काढले. त्यांच्या वस्तीचे नाव स्टेशनाला मिळाले तर तक्रार करायला मला तोंड नाही. तरीही मन कुरकुरते. ठरावातली बाकीची बरीच नावे कोण्या साहेबाची नाहीतर गोदी-पेठांची; हे एकच नाव एका पिकाचे आहे. भाषा परकी असली तरी वस्तू आमची होती. 'कापूसपेठ' म्हटले असते तरी मी हसून मान डोलावली असती. ऊमऱ्याच्या पोटात आमचे नाव गेले होते, आता कापसाचेही जाईल की काय, अशी भीती मला वाटते. आणि ह्या भीतीत हक्क किती अन् हट्ट किती, हे मलाच नीट ठरवता येत नाही.

गेल्या हंगामात मी मुद्दाम तिथे उतरलो. स्टेशनाच्या पूर्वेला कॉटन एक्स्चेंजची इमारत अजून आहे. असोसिएशनचे नाव बदलले, कचेरी तिथेच आहे, आणि देशभरच्या रुईचे रोजचे भाव अजूनही तिथूनच जाहीर होतात. गाठ नाही, गाडी नाही, हमाल नाही. भाव तेवढा राहिला आहे. मी फाटकाबाहेर उभा राहून ती इमारत पाहत होतो तेवढ्यात पहूरकडच्या पुतण्याचा फोन आला.

"काका, कुठे आहात?"

"काटनगिरीनला."

"मग विचारा ना, आज काय भाव फुटला?"

मी खिशातल्या फोनवरच भाव पाहिला आणि त्याला सांगितला. तो गडबडला. आमच्या बाजारात कापूस क्विंटलने विकतात. इथला भाव रुईचा, आणि तोही खंडीने.

"खंडी म्हणजे किती हो?"

"सातशे चौऱ्याऐंशी पौंड. तीनशे छप्पन्न किलो धर. दोन जुन्या गाठी."

"आणि तेवढ्या रुईला कापूस किती लागेल?"

रुईचा उतारा चौतीस टक्के धरून मी मनात हिशेब केला. साधारण साडेदहा क्विंटल. त्याच्या घरातल्या वेचणाऱ्या बायांचे पाठ मोडून निघालेले किती दिवस त्यात बसतात, तो हिशेब त्यानेच केला असावा. पलीकडे थोडा वेळ शांत होते.

"अन् सरकी?"

"सरकी वेगळी," मी म्हणालो, आणि पनवेलची गाडी येत होती म्हणून पुलाच्या पायऱ्या चढू लागलो.